पत्रिका जुळल्या, आता कागद जुळवा: परदेशात लग्नाची कायदेशीर तयारी

फुकेतच्या किनाऱ्यावर अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली. हॉटेलने निघताना सोनेरी काठाचं, दोघांच्या नावांचं प्रमाणपत्रही दिलं. ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावायला छान आहे. व्हिसाच्या अर्जाला जोडायला त्याचा काहीही उपयोग नाही, कारण थायलंडच्या सरकारी दप्तरात या लग्नाची नोंदच झालेली नाही. परदेशातल्या लग्नात फसतात ते बहुतेक इथेच: सोहळा म्हणजे लग्न असं धरून चालतात.

सोहळ्याची तयारी वेडिंग प्लॅनर करतो. कायद्याची तयारी तुम्हाला करावी लागते, आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग परदेशात नाही, महापालिकेच्या जन्म-मृत्यू कार्यालयात आणि नोटरीच्या टेबलावर उरकतो.

आधी ठरवा: लग्न कोणत्या कायद्याखाली?

भारतीय नागरिकापुढे तीन रस्ते असतात. त्यातला एकच निवडायचा.

पहिला रस्ता म्हणजे इथे नोंदणी, तिथे सोहळा. दोघंही भारतात राहणारे असतील आणि परदेश फक्त समुद्रकिनाऱ्यासाठी हवा असेल, तर हाच सगळ्यांत सोपा. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस राहिलेलं असलं पाहिजे. दोघांनीही नाही, एकाने. म्हणजे मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येणार असला तरी मुलगी पुण्यात राहत असेल तर नोटीस पुण्यात देता येते. नोटीस ३० दिवस कार्यालयात लावलेली असते, हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर ती बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून विमानाच्या तारखेच्या दोन-अडीच महिने आधी नोटीस देणं बरं. यानंतर बालीत, फुकेतला किंवा इटलीत काय विधी करायचे ते करा, कायद्याच्या दृष्टीने तो समारंभ आहे.

दोघंही हिंदू असतील तर एक गोष्ट माहीत असावी: हिंदू विवाह कायदा, १९५५ हा भारतात अधिवास असलेल्या हिंदूंना ते देशाबाहेर असतानाही लागू होतो. त्यामुळे परदेशात रीतसर विधींनी लागलेलं लग्न आपोआप निरर्थक ठरत नाही. पण ते सिद्ध करायचा कागद कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच. आणि दोघांपैकी एक जण हिंदू नसेल तर हा कायदा लागूच होत नाही. मराठी मुलगा आणि पोलिश मुलगी यांनी होमाभोवती सात पावलं टाकली, तर फोटो सुंदर येतील, हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मात्र होणार नाही.

दुसरा रस्ता त्या देशाच्या कायद्याने तिथेच लग्न करण्याचा. एक जण परदेशी नागरिक असेल किंवा दोघं नोकरी-शिक्षणासाठी तिथेच असतील तर बहुतेक हाच घ्यावा लागतो. पुढचा मोठा भाग याच्यावरच आहे.

तिसरा रस्ता भारतीय दूतावासाचा. परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली केंद्र सरकार आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना विवाह अधिकारी नेमतं. अटी चार. दोघांपैकी किमान एक भारतीय नागरिक हवा. कोणाचाही पहिला जोडीदार हयात नसावा. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण, आणि मानसिकदृष्ट्या लग्नाला संमती देण्यास सक्षम. चौथी अट निषिद्ध नात्याची. इथे मराठी घरांनी जरा थांबावं, कारण त्या यादीत मामाची मुलगीही आहे. मात्र दोघांपैकी एकाला लागू असलेल्या व्यक्तिगत कायद्यात किंवा रूढीत असं लग्न चालत असेल तर हा कायदा आडवा येत नाही. रूढी आहे हे दाखवायची तयारी ठेवावी लागते, आणि यजमान देशाचा कायदा काय म्हणतो तेही बघावं लागतं.

या रस्त्यालाही नोटीस आहे. त्या विवाह अधिकाऱ्याच्या हद्दीत एकाने ३० दिवस राहिलेलं असावं, प्रसिद्धीपासून हरकतीसाठी ३० दिवस, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न, आणि नोटिशीपासून सहा महिन्यांच्या आत. ती नोटीस फक्त दूतावासात नाही, तुमच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणीही प्रसिद्ध होते. घरच्यांपासून लपवून लग्न करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शिवाय यजमान देशाच्या कायद्याला बाध येत असेल तर दूतावास लग्न लावत नाही. तेव्हा हॉल बुक करण्याआधी त्या दूतावासात लग्न लागतं की फक्त नोंदणी होते, एवढं विचारून घ्या.

एक चूक मात्र अगदी नेमाने होते. पुण्यात गुपचूप कोर्ट मॅरेज होतं, मग सहा महिन्यांनी अमेरिकेत पुन्हा लायसन्स काढून दुसरं लग्न. लग्न एकदाच होतं. पहिल्या नोंदणीनंतर 'मी अविवाहित आहे' असं शपथेवर लिहिणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र, आणि दोन प्रमाणपत्रांवर दोन तारखा असल्या की पुढे प्रत्येक व्हिसा अधिकारी विचारतो की यातलं खरं कोणतं.

घरचे कागद

देश कोणताही असो, मागितलं जातं ते साधारण इतकं: पासपोर्ट, जन्म दाखला, अविवाहित असल्याचा पुरावा, आधी लग्न झालेलं असेल तर ते संपल्याचा पुरावा, आणि कुठे कुठे राहण्याचा पुरावा. यादी छोटी आहे. वेळ खातो तो प्रत्येक कागदावरचा तपशील.

जन्म दाखल्यापासून सुरुवात करा. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अर्धं आयुष्य निघतं, परदेशातलं विवाह कार्यालय तो जन्माचा पुरावा म्हणून सहसा घेत नाही. महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचाच दाखला लागतो. जुना, हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला दाखला असेल तर त्याच नोंदीवरून नवा, मराठी-इंग्रजी दोन्हींत छापलेला घ्या. मग तो नीट वाचा. नव्वदच्या दशकापर्यंतच्या कित्येक दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, कारण नोंद इस्पितळातून गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. नाव घालून घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. जन्माची नोंदच नसेल तर आधी नोंद नसल्याचा दाखला, मग उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश, आणि मग नोंद. असं असेल तर सहा महिने हाताशी ठेवा.

आता नाव. मराठी नावाची रचना युरोपातल्या कारकुनाला कळत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. समजा मुलाचं नाव रोहन सुरेश पाटील. जन्म दाखल्यावर नुसतं 'रोहन', वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या जागी 'रोहन सुरेश'. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर 'पाटील रोहन सुरेश', शेवटी आईचं नाव. आधारवर आणखी काही. आपल्याला ही एकच व्यक्ती वाटते, जर्मन अधिकाऱ्याला तीन. त्यात आडनावातला दीर्घ 'ई' एका कागदावर इंग्रजीत एका अक्षराने आणि दुसऱ्यावर दोन अक्षरांनी लिहिलेला. याला दोन उपाय आहेत. दुरुस्त होण्यासारखं असेल ते दुरुस्त करा, आणि पासपोर्टशी जुळवा, कारण परदेशात तोच मुख्य कागद. उरलेल्या फरकांसाठी 'या सर्व नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र करा, त्यात प्रत्येक कागदावर नाव जसं आहे तसं अक्षर न अक्षर लिहून. आईवडिलांची नावंही तपासा, कारण बऱ्याच देशांत ती विवाह नोंदीत जातात. आईचं नाव तुमच्या दाखल्यावर सासरचं आणि तिच्या स्वतःच्या कागदांवर माहेरचं, हा घोटाळा घरोघरी असतो.

अविवाहित असल्याचा दाखला देणारं एक ठरलेलं सरकारी खातं आपल्याकडे नाही. म्हणून प्रतिज्ञापत्र. त्यात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, आईवडिलांची नावं, आणि मग स्पष्ट वाक्य: आजतागायत माझा कोणत्याही व्यक्तीशी, कोणत्याही धार्मिक वा नागरी पद्धतीने, भारतात वा परदेशात विवाह झालेला नाही. कोणाशी आणि कोणत्या देशात लग्न करायचं आहे तेही लिहा, नाहीतर काही कार्यालयं परत पाठवतात. आईवडिलांचं याच अर्थाचं वेगळं प्रतिज्ञापत्र सोबत असेल तर काम सोपं होतं. तुम्ही आधीच परदेशात असाल तर तिथला भारतीय दूतावास वैवाहिक स्थितीचं प्रमाणपत्र देतो, पण तोही बहुतेक वेळा भारतातून केलेलं असंच प्रतिज्ञापत्र आधी मागतो.

या कागदाची घाई करू नका. बहुतेक देश तो तीन ते सहा महिन्यांच्या आतलाच मानतात. जन्म दाखला वर्षभर आधी काढला तरी चालतो, अविवाहित असल्याचा कागद शेवटी काढायचा.

घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते, वकिलाने काढून दिलेली झेरॉक्स नाही. हिंदू विवाह कायद्याखालच्या हुकूमनाम्यावर अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, आणि अपील करता येत असेल तर ती संपल्यावरच पुन्हा लग्न करता येतं. मुदत संपल्याचा किंवा अपील नसल्याचा पुरावा मागणारी कार्यालयं बरीच आहेत. घटस्फोट परदेशात झाला असेल तर प्रकरण जास्त नाजूक. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यात नसलेल्या कारणावर परदेशी न्यायालयाने दिलेला घटस्फोट भारतात सहसा मान्य होत नाही. अशा वेळी तिकडे तुम्ही मोकळे आणि इकडे विवाहित राहू शकता. हे एक काम वकिलाशिवाय करू नका.

अपॉस्टिल: क्रम चुकवू नका

एका देशाचे सरकारी कागद दुसऱ्या देशात सोप्या रीतीने मान्य व्हावेत म्हणून झालेल्या ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात भारत २००५ मध्ये सामील झाला. करारातल्या देशांत आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याची खूण, लावलेला कागद चालतो, दूतावासाचे शिक्के वेगळे लागत नाहीत. पण मंत्रालय थेट नोटरीचा शिक्का बघून अपॉस्टिल देत नाही. महाराष्ट्रातल्या वैयक्तिक कागदाचा प्रवास असा: प्रतिज्ञापत्र असेल तर आधी नोटरी, मग मुंबईला राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालय अर्ज नेमलेल्या एजन्सींमार्फत घेतं, आणि ई-सनद ही ऑनलाइन सोयही आहे. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये, त्यावर एजन्सीची सेवा. एजंट याच कामाचे हजारो रुपये सांगतो तेव्हा त्यात मुंबईच्या खेपा किती धरल्यात ते विचारा.

अपॉस्टिल म्हणजे कागदाच्या मागे चिकटवलेला क्रमांक असलेला स्टिकर. म्हणूनच लॅमिनेट केलेला दाखला घेऊन गेलात तर तसेच परत याल. आईने जपून ठेवण्यासाठी पंचवीस वर्षांपूर्वी लॅमिनेट केलेला जन्म दाखला कितीही प्रिय असला तरी नवी प्रत काढा. दोन-तीन पानांचा कागद स्टेपल करून शिक्का मारलेला असेल तर झेरॉक्स काढायला पिन काढू नका. पिन काढलेला कागद पानं बदलल्याच्या संशयाने नाकारला जातो.

भाषांतर सगळ्यांत शेवटी. अपॉस्टिलचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो, त्यामुळे आधी भाषांतर करून घेतलं तर पैसे दोनदा जातात. शक्यतो ज्या देशात लग्न आहे तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

संयुक्त अरब अमिराती या करारात नाही. दुबई-अबुधाबीसाठी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, मग भारतातला अमिरातीचा दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय, अशी साखळी पूर्ण करावी लागते. अबुधाबीने २०२१ मध्ये बिगरमुस्लिमांसाठी नागरी विवाहाचा कायदा केल्यापासून तिथे न्यायालयीन लग्न बरंच सोपं झालं आहे, पण कागदांची साखळी तीच.

जर्मनी, आणि लोक डेन्मार्कला का जातात

म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफर्टकडे मराठी इंजिनियरांची संख्या मोठी आहे, आणि तिथल्या नोंदणी कार्यालयाइतकं सखोल कागद वाचणारं कार्यालय क्वचित सापडेल. जर्मनीत फक्त श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे याच नोंदणी कार्यालयात, लागलेलं लग्न कायद्याला माहीत आहे. चर्चचं, मंदिराचं तुमच्या हौशीचं.

जर्मन नागरी संहितेच्या कलम १३०९ प्रमाणे परदेशी व्यक्तीने आपल्या देशाचं विवाहक्षमता प्रमाणपत्र आणायचं असतं. भारत असं प्रमाणपत्र देत नाही. म्हणून त्यातून सूट मागावी लागते, आणि ती सूट त्या भागाच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाचे अध्यक्ष देतात. अर्ज मात्र श्टांडेसआम्टमार्फतच जातो. मिळालेली सूट सहा महिने टिकते, त्या आत लग्न लावायचं.

खरी अडचण वेगळी आहे. हेग करारात भारताच्या सामील होण्याला जर्मनीने हरकत नोंदवली असल्यामुळे आपला अपॉस्टिल तिथे चालत नाही. त्याऐवजी श्टांडेसआम्ट भारतातल्या जर्मन वकिलातीकडून कागदांची पडताळणी करवून घेतं. वकिलातीने नेमलेला माणूस त्या त्या कार्यालयात जाऊन नोंद बघतो, कधी घरी, शेजारी चौकशी करतो. महिने जातात, खर्च तुमचा. जन्म दाखल्यात नाव उशिरा घातलेलं, तारखेत फरक, प्रतिज्ञापत्रातला पत्ता चुकीचा, असं काही निघालं तर आणखी पत्रव्यवहार. म्हणून पडताळणी सुरू होण्याआधी गावाकडच्या आईवडिलांना कल्पना देऊन ठेवा. अनोळखी माणूस दारात येऊन 'तुमच्या मुलाचं आधी लग्न झालंय का' विचारतो तेव्हा गोंधळून दिलेलं उत्तरही अहवालात जातं. जर्मन येत नसेल तर नोंदणीला आणि लग्नाला दुभाषा लागतो.

हे टाळण्यासाठी जोडपी सीमा ओलांडतात. डेन्मार्क विवाहक्षमता प्रमाणपत्र मागत नाही. तिथे फामिलीरेत्सहूसेट या सरकारी संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. २०१९ पासून परदेशी जोडप्यांची तपासणी नगरपालिकांऐवजी हीच संस्था करते. पासपोर्ट, डेन्मार्कमध्ये कायदेशीरपणे राहता येईल असा पुरावा, म्हणजे शेंगेन व्हिसा किंवा जर्मनीसारख्या शेंगेन देशाचा निवास परवाना, आधीचा घटस्फोट असेल तर त्याचे कागद, आणि तुमचं नातं खरं असल्याचा पुरावा. तपासणी दिखाऊ लग्नं पकडण्यासाठी आहे, त्यामुळे एकत्र फोटो, प्रवासाची तिकिटं, एकत्र राहत असाल तर भाडेकरार जोडायला संकोच करू नका. मंजुरीचं प्रमाणपत्र चार महिने चालतं. मग ट्योनर, एरो बेट, कोपनहेगन किंवा कुठलंही नगरपालिकेचं सभागृह निवडा. दोन साक्षीदार लागतात, नसतील तर बऱ्याच ठिकाणी नगरपालिका देते.

प्रमाणपत्र इंग्रजी-जर्मनसह अनेक भाषांत मिळतं, जर्मनीत ते मान्य आहे. भारतासाठी मात्र त्यावर डॅनिश परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल परत निघण्याआधी करून घ्या. आणि डेन्मार्कमुळे जर्मन कागदपत्रं कायमची टळली असं समजू नका. पुढे जर्मनीत आडनाव बदलायचं किंवा मुलाच्या जन्माची नोंद करायची वेळ आली की तुमचा जन्म दाखला पुन्हा मागितला जातो.

इंग्लंड आणि स्कॉटलंड

साध्या पर्यटक व्हिसावर जाऊन इंग्लंडात लग्न करता येत नाही. लग्नासाठी वेगळा, सहा महिन्यांचा मॅरेज व्हिजिटर व्हिसा आहे, आणि त्यावर तिथे राहून जोडीदाराचा व्हिसा करता येत नाही, परत यावं लागतं. तिथे पोचल्यावर किमान ७ दिवस राहून नोंदणी कार्यालयात स्वतः हजर राहून नोटीस द्यायची. नोटिशीनंतर २८ दिवस थांबायचं, आणि गृह विभागाला चौकशी करायची असेल तर हे ७० दिवस होतात. चार आठवड्यांचं तिकीट काढून गेलेल्यांची तारीख इथे हुकते. ७० दिवस धरूनच हॉल बघा. नोटीस वर्षभर चालते, आणि फेब्रुवारी २०२३ पासून दोघंही १८ पूर्ण हवेत, पालकांच्या परवानगीने १६ चा मार्ग बंद झाला.

दुसरी अडचण विधींची. इंग्लंड-वेल्समध्ये मान्यता जागेला असते. हॉटेलात नागरी लग्न लागत असताना त्यात धार्मिक मजकूर चालत नाही. मंगलाष्टकं, मंत्र, होम, काहीच नाही. रजिस्ट्रार निघून गेला की पुढे तुमचं वेगळं. मंदिरात लग्न करायचं असेल तर ती वास्तू विवाहस्थळ म्हणून नोंदलेली आहे का हे विचारा, नसेल तर ते लग्न सरकारी दप्तरात येतच नाही. स्कॉटलंडमध्ये उलट आहे. तिथे मान्यता लग्न लावणाऱ्याला असते, जागेला नाही. अधिकृत विवाह लावणारा मिळाला तर किल्ल्याच्या अंगणातही हिंदू पद्धतीने कायदेशीर लग्न लागतं. दोघांनी एम-१० हा लग्नाच्या नोटिशीचा फॉर्म त्या भागाच्या रजिस्ट्रारकडे लग्नाच्या किमान २९ दिवस आधी पोचवायचा असतो. अंतरपाटासह एकच लग्न हवं असेल तर स्कॉटलंडचा विचार जरूर करा.

अमेरिका

अमेरिकेत लग्नाचा कायदा राज्याचा, आणि कागद काउंटीचा. आधी मॅरेज लायसन्स, म्हणजे लग्न करण्याची परवानगी, आणि लग्नानंतर मॅरेज सर्टिफिकेट. पुष्कळ जण लायसन्सलाच सर्टिफिकेट समजून गावी घेऊन येतात.

न्यूयॉर्कमध्ये लायसन्सनंतर २४ तास थांबावं लागतं आणि ते ६० दिवस चालतं. टेक्सासमध्ये ७२ तास. कॅलिफोर्नियात थांबावं लागत नाही, ९० दिवसांत वापरायचं. लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत आहे तिथलं कार्यालय सकाळी ८ ते मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं, लायसन्स १०२ डॉलरला हातात मिळतं आणि वर्षभर चालतं. घाईतल्या लग्नांसाठी ते उगीच प्रसिद्ध नाही.

मराठी मंडळातल्या गुरुजींनी लग्न लावलं तरी चालतं, पण त्या राज्याच्या नियमांत ते बसतात का ते बघा. आणि लग्न झाल्यावर लायसन्सवर सही करून ते काउंटीकडे परत पाठवणं हे गुरुजींचं काम आहे. कॅलिफोर्नियात त्यासाठी १० दिवस असतात. दक्षिणा देतानाच सही झाली का, टपालात कोण टाकणार, हे ठरवून घ्या. लायसन्स गुरुजींच्या पिशवीत राहिलं तर तुमच्या लग्नाची नोंद होत नाही. मग काउंटीकडून प्रमाणित प्रत मागवा आणि तिच्यावर त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा अपॉस्टिल घ्या, वॉशिंग्टनचा नाही.

थायलंड, बाली, इटली

थायलंडमध्ये कायदेशीर लग्न जिल्हा कार्यालयात नोंदवलं जातं. आपल्या दूतावासाकडून वैवाहिक स्थितीचा कागद, त्याचं थाई भाषांतर, थाई परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, मग नोंदणी. यात बँकॉकला काही कामाचे दिवस जातात, किनाऱ्यावरच्या चार दिवसांत हे बसत नाही. २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी विवाहही नोंदवता येतो, पण ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भारतात त्याला आजही मान्यता नाही. बालीत लग्न आधी धर्माप्रमाणे लागावं लागतं आणि दोघांचा धर्म एकच हवा, त्यामुळे आंतरधर्मीय जोडप्यांनी तिथे नागरी नोंदणीच्या भरवशावर जाऊ नये. इटलीत नुल्ला ओस्ता, म्हणजे आक्षेप नसल्याचा कागद, तिथल्या भारतीय दूतावासाकडून घेऊन त्यावरची सही प्रेफेत्तुरा या स्थानिक सरकारी कार्यालयाकडून प्रमाणित करावी लागते. या तिन्ही ठिकाणी फक्त सोहळा हवा असेल तर पहिला रस्ताच बरा.

परत आल्यावर, किंवा निघण्याआधी

लग्न स्थानिक कायद्याने झालं असेल तर त्या देशातून निघण्याआधी दोन कामं करा. प्रमाणपत्राच्या किमान तीन प्रमाणित प्रती घेऊन त्यातल्या एकावर तरी अपॉस्टिल. आणि शक्य असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात परदेशी विवाह कायद्याच्या कलम १७ खाली नोंदणी. एक जण भारतीय असला आणि नोंदणीच्या वेळी तिसऱ्या रस्त्यात सांगितलेल्या अटी पूर्ण होत असल्या की पुरे. त्यामुळे हातात भारतीय सरकारी प्रमाणपत्र येतं. भारतात पुन्हा नोंदवलं नाही म्हणून तिकडचं लग्न रद्द होत नाही, पण बँक, विमा आणि वारसाचे कारकून परदेशी कागद पाहून थबकतात. दूतावासाची वेळ हुकली तर भारतात विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली झालेलं लग्न नोंदवायचा मार्ग राहतो. त्याला ३० दिवसांचं वास्तव्य, ३० दिवसांची जाहीर नोटीस आणि दोघांचंही वय २१ पूर्ण अशी अट आहे. मुलीच्या बाबतीतही २१, हे विसरलं जातं.

परदेशी जोडीदाराला ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड हवं असेल तर लग्न नोंदवलेलं आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. नोंदणीला उशीर झाला तर सगळंच पुढे ढकललं जातं.

गोवेकरांसाठी एक टीप. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नानंतर, दुसरा करार नसेल तर, पतीपत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते. वेगळी ठेवायची असेल तर करार लग्नाआधीच व्हावा लागतो, नंतर करता येत नाही. परदेशातल्या नोंदणी कार्यालयात उभं राहून हे आठवून उपयोग नाही, गोव्यातल्या वकिलाशी आधी बोला.

राहिलं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं म्हणून कायद्यात नाव बदलत नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विवाह नोंद, सगळं पासपोर्टवरच्याच नावाने. आडनाव बदलायचं असेल तर लग्नानंतर प्रमाणपत्राच्या आधारे पासपोर्ट नव्याने काढावा लागतो. पहिलं नावही बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी लागते. हे सगळं जोडीदाराचा व्हिसा हातात पडल्यावर करा. अर्ज चालू असताना नाव बदललं की जुळवलेले सगळे कागद पुन्हा विस्कटतात.